शहराचे ताट आणि आपली पट्टी

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर रानात राबून, घरचा चूल-चौका आटोपून, तुम्ही रात्री या वर्गाला येता. डोळ्यांवर झोप असते, तरी पाटी सोडत नाही. म्हणून आज आम्ही तुम्हांला जड धडा देणार नाही. आज एक साधी गोष्ट सांगतो. कोथिंबिरीच्या जुडीची गोष्ट. ती आपल्याच रानातली आहे. पण ऐकून झाल्यावर तिच्यातला हिशोब मात्र ध्यानात ठेवा.

आधी एक प्रश्न विचारतो. मुंबईत माणसे किती, आणि शेते किती?

तुम्ही हसलात. बरोबर आहे. मुंबईत कुठली आलीत शेते! पण माणसे मात्र मोजून संपत नाहीत. 1951 च्या शिरगणतीत मुंबईत सुमारे 30 लाख माणसे होती. 2011 च्या शिरगणतीत ती 1 कोटी 24 लाखांवर गेली. साठ वर्षांत चौपटीहून अधिक झाली. त्यांत आपल्याच गावची पोरे आहेत. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. ते तिथे गिरणीत गेले, गोदीत गेले, बांधकामावर गेले. पण पोट बरोबर घेऊन गेले.

आता पाटी घ्या. समजा, एका माणसाला दिवसाला पाव किलो भाजी लागते. तर 1 कोटी 24 लाख माणसांना किती लागेल? 31 लाख किलो. म्हणजे 31 हजार क्विंटल. एका ट्रकमध्ये 100 क्विंटल माल बसतो असे धरा. तर रोज 310 ट्रक नुसती भाजी लागेल. हाच माल बैलगाडीने न्यायचा म्हटले आणि एका गाडीत 10 क्विंटल धरले, तर 3100 गाड्या रोज जुंपाव्या लागतील. हा आपला घरगुती अंदाज आहे. त्यात धान्य नाही, दूध नाही, फळे नाहीत. आणि हे एका दिवसाचे झाले. उद्या पुन्हा तितकेच हवे. शहराचे पोट रोज पहाटे रिकामे असते.

मग ते भरते कसे?

शहर वाढले, तसा बाजार लांब गेला

पूर्वी शहराचे अन्न शहराच्या उशाशीच पिकत असे. वसईची भाजी आणि केळी मुंबईला जात. दुधासाठी म्हशींचे तबेले भर वस्तीत होते. शहर वाढले तशी जागा अपुरी पडली, घाण वाढली. मग म्हशी बाहेर काढल्या. गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

बाजाराचेही तसेच झाले. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट नावाची मोठी मंडई आहे. ती 1869 साली बांधून झाली. तिला आता महात्मा फुले मंडई म्हणतात. तिथे फळांचा घाऊक बाजार होता. भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याला होता. पुढे ट्रक इतके येऊ लागले, की रस्ते पुरेनात. शेवटी 1996 साली फळांचा आणि भाजीचा घाऊक बाजार खाडीपलीकडे नवी मुंबईत, वाशीला नेला. कांदा-बटाट्याचा बाजार त्याआधीच गेला होता. आज वाशीला पाच बाजार आहेत. कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला आणि धान्य. मुंबईच्या ताटातला मोठा वाटा या पाच दारांतून आत जातो.

एका जुडीचा प्रवास

आता आपली जुडी घ्या. नाशिक जिल्ह्यातले एक गाव धरा. दुपारी ऊन कलले, की बायका रानात कोथिंबीर उपटतात. माती झटकतात, जुड्या बांधतात. संध्याकाळी माल गाडीत भरून नाशिकच्या बाजारात जातो. तिथे लिलाव होतो. भाव किलोने नाही, शेकड्याने. म्हणजे शंभर जुड्यांचा एक भाव. व्यापारी माल घेतो. हमाल तो ट्रकमध्ये भरतात. रात्री ट्रक निघतो, कसारा घाट उतरतो, शहापूर, भिवंडी मागे टाकतो आणि मध्यरात्रीनंतर वाशीला पोचतो.

तिथे रात्र नसतेच. दिवे लागलेले असतात. पुकारा चालू असतो. माथाडी कामगार पाठीवर माल घेऊन धावत असतात. या कामगारांत सातारा जिल्ह्यातले, डोंगरी भागातले लोक पुष्कळ आहेत. पूर्वी त्यांना ना पगाराची शाश्वती, ना म्हातारपणाची. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ओझे वाहणाऱ्या माणसालाही कायद्याने संरक्षण मिळू शकते, हे त्याने दाखवले.

पहाटे दादरचा, घाटकोपरचा, अंधेरीचा भाजीवाला टेम्पो घेऊन येतो. माल घेतो, जातो. सकाळी आठ वाजता एखादी गृहिणी पिशवी घेऊन त्याच्या गाडीपाशी उभी असते. ती जुडी उचलून म्हणते, "ताजी आहे का हो?"

आदल्या दुपारी ती जुडी आपल्या रानात होती. एका रात्रीत ती पाच-सहा जणांच्या हातांतून गेली. शेतकरी, नाशिकचा व्यापारी, हमाल, ट्रकवाला, वाशीचा व्यापारी, भाजीवाला. यातला एक जरी झोपला, तरी सकाळी ताट रिकामे राहील. याला साखळी म्हणतात. आपण त्या साखळीची पहिली कडी आहोत.

रुपयाची वाटणी

आता पैशाकडे या. गृहिणीने एक रुपया दिला, तर शेतकऱ्याच्या हाती किती पडतो?

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 साली याचा हिशोब मांडला. टोमॅटोच्या रुपयात शेतकऱ्याला सुमारे 33 पैसे मिळतात. कांद्यात 36 पैसे. बटाट्यात 37 पैसे. म्हणजे रुपयातला साधारण एक तृतीयांश आपला. दोन तृतीयांश वाटेत राहतो.

हे ऐकून राग येतो. पण राग येण्याआधी थोडा विचार करू. वाटेत राहिलेला सगळाच पैसा लुबाडलेला नसतो. ट्रकला डिझेल लागते. हमालाला मजुरी लागते. टोमॅटो वाटेत फुटतो, सडतो. भाजीवाल्याने सकाळी घेतलेली जुडी संध्याकाळी कोमेजली, तर तो तोटा त्याचा. तोही गरीबच माणूस आहे. उन्हात उभा असतो. त्याला चोर म्हणणे न्यायाचे नाही.

पण खरा खर्च कोणता आणि खोटा खर्च कोणता, हे ओळखायचे कसे? त्यासाठी कागद वाचावा लागतो. त्या कागदाचे नाव पट्टी. माल विकल्यावर आडत्या जो हिशोब लिहून देतो, ती हिशोबपट्टी. आजची आमची गोष्ट खरे म्हणजे तिचीच आहे.

दादांची पट्टी

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा शाळेत गेले नव्हते. कांदा मात्र असा पिकवीत, की लोक बघायला येत. कांदे एका आडत्याकडे जात. आडत्या बोलायला गोड होता. चहा पाजी. पट्टी देई. दादा ती घडी घालून मुंडाशात खोचत आणि घरी येऊन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवीत. पैसे मोजता येत, तेवढे मोजत. पट्टी कुणी वाचत नसे.

1974 साल असेल. आम्ही नुकतेच बेरीज-वजाबाकीत पक्के झालो होतो. मास्तरांनी शाबासकी दिली होती. घरी येऊन सहज कोनाड्यातली वरची पट्टी काढली आणि मोठ्याने वाचू लागलो.

कांदा 6 क्विंटल. भाव 40 रुपये. एकूण 240 रुपये. खर्च: आडत 14 रुपये 40 पैसे, हमाली 6 रुपये, तोलाई 3 रुपये, गाडीभाडे 30 रुपये. खर्चाची बेरीज 63 रुपये 40 पैसे. शेतकऱ्यास देणे 176 रुपये 60 पैसे.

आम्ही पुन्हा बेरीज केली. पाटीवर केली. बोटांवर केली. बेरीज 63 रुपये 40 पैसे येईना. ती 53 रुपये 40 पैसेच येई. दादांना मिळायला हवे होते 186 रुपये 60 पैसे. दहा रुपये कमी मिळाले होते. तेव्हा दहा रुपये म्हणजे शेतमजुराचा तीन-चार दिवसांचा रोज.

आम्ही आनंदाने ओरडलो, "दादा, चूक सापडली!" आम्हांला वाटले, दादा शाबासकी देतील.

दादा काही बोलले नाहीत. उठले, कोनाड्यातल्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि आमच्यापुढे ठेवल्या. म्हणाले, "या बी बघ." त्यांतल्या पुष्कळ पट्ट्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. शाई पुसली होती. ज्या वाचता आल्या, त्यांतल्या काही बरोबर होत्या. काहींत पाच रुपये कमी होते, काहींत आठ. जास्त मात्र एकीतही नव्हते. चूक असती, तर कधी आपल्या बाजूनेही झाली असती, नाही का?

दुसऱ्या दिवशी दादा आम्हांला घेऊन आडत्याकडे गेले. आम्ही पाटीवर बेरीज करून दाखवली. आडत्याने चष्मा लावला, पाहिले, आणि "लिहिणाऱ्याची चूक" म्हणून दहाची नोट काढून दिली. वाद नाही, भांडण नाही. परत येताना दादा वाटेत एवढेच म्हणाले, "मागच्या वर्षांचं कुणाला विचारायचं?"

मंडळी, या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आजही नाही. गेले ते गेले. पण त्या दिवसापासून आमच्या घरची पट्टी वाचल्याशिवाय कोनाड्यात गेली नाही. आणि मौज अशी, की नंतर एकाही पट्टीत चूक निघाली नाही.

दोन रुपयांची पट्टी

तुम्ही म्हणाल, ती जुनी गोष्ट झाली. आता तसे राहिले नाही. तर अलीकडची ऐका. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारातली एक पट्टी वर्तमानपत्रांत छापून आली. एका शेतकऱ्याने 10 गोण्या कांदा नेला होता. वजन 512 किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. म्हणजे 512 रुपये झाले. त्यातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडे मिळून 509 रुपये 50 पैसे वजा गेले. उरले 2 रुपये 50 पैशांच्या आसपास. हाती धनादेश आला दोन रुपयांचा.

या पट्टीत बेरजेची चूक नव्हती. दुखणे वेगळे होते. कांदा एकदम फार आला होता, भाव पडला होता. भाव पडला तरी भाडे आणि हमाली पडत नाही. म्हणून शेतकऱ्याचा वाटा सगळ्यांत आधी बुडतो.

म्हणजे नुसती पट्टी वाचून सगळे दुखणे बरे होते, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर ती फसवणूक होईल. पण दुखणे कुठे आहे, हे वाचल्याशिवाय कळत नाही. आणि कळल्याशिवाय औषध नाही.

पट्टी कशी वाचावी

आता नीट ऐका. पट्टी हाती आली की पाच गोष्टी पाहाव्या.

पहिली, वजन. घरून किती गोण्या पाठवल्या, ते आधी आपल्या वहीत लिहून ठेवा. पट्टीवर गोण्या आणि वजन जुळते का, ते पाहा.

दुसरी, भाव. कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव प्रसिद्ध करते. ते मोबाईलवरही दिसतात. आता तुम्हांला आकडे वाचता येतात. मग शेजाऱ्याला कशाला विचारायचे? स्वतः वाचा.

तिसरी, गुणाकार. वजनाला भावाने गुणा.

चौथी, खर्च. हमाली किती, तोलाई किती, भाडे किती, एकेक शब्द वाचा. आणि 'आडत' हा शब्द नीट शोधा. आडत म्हणजे आडत्याची दलाली. दादांच्या काळी ती शेतकऱ्याकडून कापत. पण 2016 साली राज्य शासनाने ठरवले, की फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराकडून घ्यायची. म्हणून भाजीच्या पट्टीवर तुमच्या पैशातून आडत कापलेली दिसली, तर तिथेच थांबा आणि विचारा. कधी कधी ती दुसऱ्या नावाने लपलेली असते. न कळणारा शब्द दिसला, तर "हे काय आहे?" असे विचारायला लाजू नका. पैसा आपला आहे.

पाचवी, बेरीज आणि वजाबाकी. ती स्वतः करा.

चूक निघाली तर आधी शांतपणे दाखवा. आमच्या दादांनी आवाज चढवला नव्हता. ऐकले नाही, तर बाजार समितीच्या सचिवाला अर्ज लिहा. तिथेही दाद लागली नाही, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे जाता येते. अर्ज म्हणजे चार ओळी. तारीख, पट्टीचा नंबर, चूक काय, आणि खाली आपली सही. अंगठा नव्हे, सही!

एकट्याची पट्टी आणि सगळ्यांची पट्टी

आता त्या दुसऱ्या दुखण्याकडे येऊ. भाव पडतो, त्याचे काय करायचे? एकटा माणूस मोठ्या शहराशी भाव करू शकत नाही. पण पुष्कळ माणसे मिळून करू शकतात. याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातेत घडले, आणि ते मुंबईच्या दुधासाठीच घडले.

गुजरातेत खेडा नावाचा जिल्हा आहे. मुंबईपासून चारशे किलोमीटरहून दूर. 1945 च्या सुमारास मुंबई सरकारने तिथून मुंबईला दूध आणायची योजना केली. दूध गोळा करण्याचा मक्ता एका खाजगी कंपनीकडे होता. शहरात दुधाला चांगले पैसे येत, पण गवळ्याच्या हाती थोडेच पडत. शेतकरी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. ते म्हणाले, तुम्ही स्वतःची सहकारी संस्था काढा. जानेवारी 1946 मध्ये समरखा गावी सभा भरली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ठरवले, की आपली संस्था होईपर्यंत कंपनीला दूध घालायचे नाही. पंधरा दिवस दूध अडवले. घरातले दूध वाया गेले, पण कुणी फुटले नाही.

14 डिसेंबर 1946 ला संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष झाले. 1948 साली त्यांनी मुंबईला दूध पाठवायला सुरुवात केली. तेव्हा फक्त दोन गावांच्या संस्था होत्या आणि दूध रोजचे सुमारे 250 लिटर. पुढे वर्गीज कुरियन नावाचे तरुण इंजिनियर त्यांना येऊन मिळाले. त्याच संघाचे दूध-लोणी आज अमूल या नावाने देशभर विकले जाते. आपल्याकडेही कोल्हापूरचा गोकुळ, वारणा असे सहकारी दूधसंघ मुंबईला दूध पाठवतात.

तिथल्या गवळणी काही फार शिकलेल्या नव्हत्या. पण त्यांना एक गोष्ट कळली होती. शहराला आपली गरज आहे, आणि आपण एक झालो तर शहराला आपले ऐकावे लागते.

पण दूध आणि कोथिंबीर सारखी नाही, हेही खरे. दुधाचे लोणी होते, भुकटी होते, ती टिकते. कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडते. म्हणून भाजीवाल्यांची एकी बांधणे अधिक अवघड आहे. अवघड आहे, अशक्य नाही. गाडी एकत्र केली तर भाडे वाटून जाते. सगळ्यांनी एकाच आठवड्यात एकच पीक लावले नाही, तर भाव थोडा तरी सावरतो. एवढे तर दहा घरे मिळून करू शकतात.

शहर आणि गाव

शेवटी एक आठवण. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे सगळा देश बंद झाला. मे महिन्यात वाशीचा बाजारही आठवडाभर बंद ठेवावा लागला. रानात माल उभा, शहरात माणसे खिडकीत उभी. त्या दिवसांत पुष्कळ गावच्या गटांनी भाजीच्या पेट्या भरल्या आणि थेट शहरातल्या इमारतींच्या दारात नेल्या. शहरातल्या माणसाने पहिल्यांदा शेतकऱ्याचे तोंड पाहिले. शेतकऱ्यानेही आपली भाजी खाणारे माणूस पाहिले.

शहर आपले शत्रू नाही. आपली पोरे तिथेच राहतात, आपलीच भाजी विकत घेऊन खातात. शहराला आपण हवे आहोत, आपल्याला शहर हवे आहे. फक्त मधला रस्ता लांब आहे आणि अंधाराचा आहे. तुमच्या हातातली अक्षरे हा त्या रस्त्यावरचा कंदील आहे. कंदिलाने रस्ता जवळ येत नाही. पण खड्डा दिसतो.

आता पुढच्या पाठाचे काम सांगतो. येताना प्रत्येकाने घरातली एक पट्टी घेऊन यावी. कोनाड्यातली, पेटीतली, मुंडाशातली, असेल तिथली. जिच्या घरी पट्टी नाही, तिने दुधाचे कार्ड किंवा वाण्याची यादी आणावी. आपण सगळे मिळून वाचू. बरोबर निघाली तर आनंद. चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी चार जण बरोबर जाऊ.

आमच्या दादांना कुणी सोबती नव्हते. तुम्ही एवढे जण आहात.